गिटारचे फ्रेट झिजलेत? थांबा, कानस आधी खाली ठेवा

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, आयुष्यभर सतार वाजवलेला माणूस. मी माझ्या स्ट्रॅटचे, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचे, फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) घासून आणले त्या संध्याकाळी गॅलरीत बसून वाजवत होतो, तर काका जिना चढून वर आले, दारातच दोन मिनिटं उभं राहून ऐकलं आणि म्हणाले, "काय रे, गिटारची जवारी काढून आणलीस की काय? चांगली खुली लागलीय की!" मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी अचूक निदान केलं होतं. सतारीची घोडी वरून रुंद आणि जवळजवळ सपाट असते, तार वाजताना त्या सपाटीला किंचित घासत राहते आणि त्यातनं तो झणकार निघतो, त्याच्यासाठी तर कारागीर घोडी घासत बसतो. माझ्या दुरुस्तीवाल्याने बावीसच्या बावीस फ्रेट कानशीने एका लेव्हलला आणले होते आणि तसेच सपाट डोक्याचे सोडून दिले होते, म्हणजे बावीस छोट्या छोट्या घोड्याच करून दिल्या होत्या मला. सतारीत जे पैसे देऊन करून घ्यायचं तेच गिटारीत नको असतं.

त्या दिवसापासून हे काम स्वतः करायला लागलो. आधी एका भंगार नेकवर, म्हणजे गिटारच्या मानेवर, हात साफ केला, तिची वाट लावली, मग स्वतःच्या गिटारी, मग मित्रांच्या. खाली जे लिहितोय ते इलेक्ट्रिक, ॲकूस्टिक आणि बेस तिघांनाही लागू आहे, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

आधी बघा, दोष फ्रेटचाच आहे का

माझ्याकडे "फ्रेट गेलेत यार" म्हणून आलेल्या कितीतरी गिटारी नुसता ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई) फिरवून परत गेल्यात. त्यातल्या बऱ्याचशा जून-जुलैमध्ये येतात. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड सुकतं आणि पावसाळ्यात हवेतलं पाणी पिऊन फुगतं, मुंबई-कोकणात तर विचारूच नका, आणि नेक इकडून तिकडे हलते. तेव्हा पहिलं काम, गिटार नेहमीच्या ट्यूनिंगला लावा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला जिथे मिळते तिथला फ्रेट उजव्या हाताने दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तारेखाली किती फट आहे ते बघा. इलेक्ट्रिकला साधारण ०.२ ते ०.३ मिमी, बेसला ०.३ ते ०.४ मिमी असली की ठीक. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ धातूच्या पट्ट्या) नसेल तर एखादं बऱ्यापैकी जाड व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा, ते साधारण त्याच जाडीचं असतं. फट अजिबात नसेल तर नेक सरळ किंवा उलटी वाकलीय, आणि मग पहिले पाच-सहा फ्रेट झणझणणारच, त्यात बिचाऱ्या फ्रेटचा काय दोष. रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने फिरवला की घट्ट होतो आणि फट कमी होते, उलटा फिरवला की वाढते. एका वेळी पाव चक्कर, मग परत ट्यून करा, परत बघा. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर तिथेच थांबा, रॉड तुटला तर फ्रेटपेक्षा फार मोठं दुखणं होतं.

मग आवाज कुठे येतोय ते बघा. सुरुवातीच्या फ्रेटवर सगळीकडे खरखर म्हणजे नेक. फक्त मोकळी तार खरखरते आणि दाबली की स्वच्छ वाजते म्हणजे नटचा (हा रॉडचा नट नव्हे, डोक्याकडे तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात ती) खाचा खोल गेलाय. बाराव्याच्या पुढे सगळीकडे म्हणजे ॲक्शन, तारांची फ्रेटपासूनची उंची, खूप खाली आहे किंवा नेकच्या टोकाला उंचवटा आलाय. पण एकाच जागी, एकाच तारेवर खरखरत असेल तर मात्र तो फ्रेटचाच मामला: जो दाबताय तो झिजलाय, नाहीतर त्याच्या पुढचा उंच झालाय.

बेसवाल्यांना एक खास सूचना. फेंडर टाइपच्या बेसवर G तारेला पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लागतो आणि लगेच मरतो, बाकीचे मस्त लांबतात. त्याला डेड स्पॉट म्हणतात. तिथे नेक स्वतःच त्या सुराला हलते आणि तारेची ताकद खाऊन टाकते, फ्रेटचा काही संबंध नाही, कितीही घासलंत तरी जाणार नाही. एका मित्राने त्यापायी सहावा फ्रेट दोनदा घासून घेतला होता. डेड स्पॉट तिथेच आहे, फ्रेट मात्र आता खड्ड्यात आहे.

उंच फ्रेट शोधायला बाजारात फ्रेट रॉकर नावाची चौकोनी पट्टी मिळते, तिच्या प्रत्येक कडेची लांबी वेगळी असते. ती नसेल तर खिशातलं एटीएम कार्ड काढा, खरंच सांगतोय. कार्ड ८५.६ मिमी लांब आणि ५४ मिमी रुंद असतं. युक्ती एवढीच की कड एका वेळी बरोबर तीन फ्रेटवर टेकली पाहिजे, दोनवर नाही, चारवर नाही. ६४८ मिमी स्केलच्या (नटपासून घोडीपर्यंत मोकळ्या तारेची लांबी) गिटारवर, म्हणजे स्ट्रॅट-टेलीसारख्या, लांब कड पहिल्यापासून आठव्या फ्रेटपर्यंत चालते आणि तिथून पुढे आखूड कड साधारण सोळाव्यापर्यंत. मधल्या फ्रेटवर कार्ड डुलायला लागलं, टकटक आवाज आला, तर तो मधला उंच. प्रत्येक तारेखाली तपासा कारण फ्रेट एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाला बरोबर असू शकतो. प्लास्टिक आहे, अगदी बारीक फरक कळणार नाही, पण कुठे घोळ आहे ते कळतं. बेसचं स्केल ८६४ मिमी, फ्रेट लांब लांब, तिथे सुरुवातीच्या फ्रेटना कार्ड पुरत नाही, स्टीलची फूटपट्टी कापून घ्या.

उंच फ्रेट सापडला की तो बोटाने किंवा लाकडाच्या तुकड्याने दाबून बघा. खाली जाऊन परत वर येतोय? मग तो उंच नाही, सुटलाय. असे फ्रेट आधी चिकटवायचे, घासायचे नाहीत. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, पातळ सुपरग्लूचा एक थेंब फ्रेटच्या कडेने सोडा, तो आपोआप खाचेत ओढला जातो, आणि लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवा. आपलं फेव्हीक्विक चालतं, पण नोझलमधून भसकन येतं, म्हणून टाचणीच्या टोकावर घेऊन लावतो मी. मेपलच्या पॉलिश केलेल्या बोर्डवर एक थेंब जरी सांडला तरी डाग कायमचा, तिथे टेपमध्ये कंजुषी नको.

घासायचं की बदलायचं

साधे फ्रेट निकल सिल्व्हरचे असतात. नावातच सिल्व्हर आहे, आत चांदीचा कणही नाही, तांबं, जस्त आणि सुमारे १८ टक्के निकल. तार स्टीलची, फ्रेटपेक्षा कडक, म्हणून झिजतो तो फ्रेट. झिजण्याच्या जागाही ठरलेल्या: पहिले तीन-चार फ्रेट, कारण सगळ्यांचे कॉर्ड तिथेच, आणि त्यातही वरच्या बारीक साध्या तारांखाली खड्डे. बेंड करणाऱ्यांचे (तार आडवी ओढून सूर चढवणाऱ्यांचे) फ्रेट मात्र खड्डा न पडता आडवे सपाट होतात. बेसवर राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या, खरबरीत) तारा लावल्या असतील तर त्या कानशीसारख्याच काम करतात, रुंद खरवडलेले पट्टे दिसतील.

आता निर्णय. खड्डा नखाला जेमतेम लागतोय आणि आवाज ठीक आहे, तर काही करू नका, वाजवा. खड्डा नखाला अडकतोय, बेंड करताना तार अडखळतेय, तर लेव्हल करून परत गोलाई द्यायची. इथे हिशोब लक्षात घ्या, सगळ्यात खोल खड्ड्याच्या तळापर्यंत बाकी *सगळे* फ्रेट खाली आणावे लागतात. म्हणजे पहिल्या फ्रेटवर ०.२ मिमीचा खड्डा असेल तर एकविसाव्या फ्रेटची काही चूक नसताना त्याचेही ०.२ मिमी जाणार. नवा मीडियम जंबो फ्रेट साधारण १.२ ते १.४ मिमी उंच असतो, ०.८ च्या खाली गेला की बोटं लाकडाला घासायला लागतात, बेंड करायला तार पकडीत येत नाही. त्यामुळे घासल्यावर किती उरेल ते आधी मोजा. दोन फ्रेटवर छोटी सरळ पट्टी ठेवा आणि पट्टी ते बोर्ड यातली फट फीलर गेजने मोजा, ती झाली फ्रेटची उंची.

आणि फक्त पहिले चार-पाचच गेलेत, बाकीचे उंच आहेत, तर तेवढेच बदला. याला पार्शल रीफ्रेट म्हणतात. लोक याचा विचारच करत नाहीत आणि सतरा चांगल्या फ्रेटचा चुरा करून ठेवतात.

सामान

सगळं परदेशातून मागवायची गरज नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, तिथे निम्मं मिळतं. लेव्हलिंगसाठी ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप, साधारण ४० सेंटिमीटर, पण सरळ आहे ना ते जाड काचेवर ठेवून बघून घ्या, काचवाल्याकडे १० मिमी काचेचा तुकडा मिळतो. पाइप डुलत असेल तर काचेवर ३२० चा वॉटर पेपर चिकटवून पाइपच घासून सरळ करायचा. मग पाइपच्या एका बाजूला डबल साइड टेपने ३२० किंवा ४०० चा पेपर. गोलाई द्यायला तिकोनी बारीक कानस, तिच्या तिन्ही धारा ग्राइंडरवर घासून गुळगुळीत केलेल्या, म्हणजे बोर्डला लागली तरी खरवडणार नाही. पैसे असतील तर खास क्राउनिंग फाइल घ्या, पोटाला खोलगट असते, काम पटकन होतं. मास्किंग टेप, काळा परमनंट मार्कर, ४०० पासून २००० पर्यंत वॉटर पेपर, ट्रस रॉडला जुळणाऱ्या ॲलन की, डोळ्याला गॉगल आणि तोंडाला मास्क. निकलचा धूर नाही निघत पण चुरा बारीक असतो, नाकात जातो.

लेव्हलिंग

तारा काढा. पिकअपवर कागद लावून चारी बाजूंनी टेप मारा कारण पिकअप म्हणजे चुंबक आणि दुरुस्तीत स्टीलचा कुठलाही कण उडाला की तिकडेच पळणार. ट्रेमोलो (हलणारा ब्रिज, म्हणजे घोडी) असेल तर मागे लाकडाचा ठोकळा अडकवून ब्रिज स्थिर करा. फ्रेटच्या मधल्या लाकडावर टेप लावत जा, वरच्या फ्रेटना टेप बारीक कापावी लागते, कंटाळवाणं आहे, करा.

तारांचा ताण गेल्यावर नेक मागे जाते, म्हणून रॉड थोडा सैल करून ती पूर्ण सरळ आणायची. इथे खाचा पाडलेली सरळ पट्टी उपयोगी पडते, ती फ्रेट ओलांडून थेट लाकडावर टेकते. साधी पट्टी फ्रेटच्या डोक्यावर टेकते आणि फ्रेटच तर खराब आहेत, मग सरळ काय आहे ते कळणार कसं. ही पायरी टाळू नका. नेक वाकलेली असताना घासलंत तर वाकडेपणा फ्रेटमध्ये कोरला जातो आणि तार लावून नेक हलली की परत सगळं बिघडतं.

प्रत्येक फ्रेटच्या डोक्यावर मार्करने काळी रेघ. मग पाइप नेकच्या लांबीच्या दिशेने, तारा जशा जातात तसा, पुढे-मागे, स्वतःच्या वजनानेच जवळजवळ, वरून दाबायचं नाही. बोर्ड गोल असतो, म्हणून एका तारेच्या रेघेवरून दुसऱ्या, मग तिसऱ्या असं सरकत जा, मधेच जास्त रेंगाळलात तर मध्य सपाट होईल. दहा-बारा फेऱ्या, पाइप उचला, बघा. जिथे काळं गेलं तिथे उंच होतं, जिथे काळं आहे तिथे अजून खाली आहे. सगळ्या फ्रेटवरून काळं गेलं की थांबा, पुढची एकही फेरी नाही, कारण घासलेला धातू परत लावता येत नाही. एखाद्या फ्रेटच्या अगदी टोकाला बाहेरच्या तारेच्याही पलीकडे काळं राहिलं तर राहू दे.

शेवटचे सात-आठ फ्रेट, बॉडीवरचे, मी जाणून-बुजून एक केसभर जास्त खाली घेतो. चौदाव्या फ्रेटवर एक टेपचा थर लावून पाइपचं एक टोक त्याच्यावर ठेवायचं आणि दुसरं टोक शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे उतार आपोआप येतो. नेक जिथे बॉडीला जोडलेली असते तिथे लाकूड बरेचदा उठतं आणि वरच्या फ्रेटवर बेंड केलं की सूर गुदमरतो, तो असा सुटतो. विंटेज ७.२५ इंची रेडियसच्या (बोर्डच्या गोलाईची त्रिज्या) नेकवर तर बोर्ड इतका गोल असतो की बेंड केलेली तार मधल्या उंचवट्यावर जाऊन अडकते, तिथे हे जास्तच लागतं. ९.५ किंवा १२ इंचीला कमी त्रास.

गोलाई, म्हणजे काकांचा मुद्दा

आता सगळे फ्रेट एका लेव्हलला आहेत आणि सगळ्यांचं डोकं सपाट आहे. माझा दुरुस्तीवाला इथेच थांबला होता. सपाट डोक्याने दोन गोष्टी होतात, एक तर ती जवारी, आणि दुसरं म्हणजे सूर सरकतो, कारण तार फ्रेटच्या मधोमध उठायच्या ऐवजी पुढच्या कडेवरनं उठते आणि ती कड मोजून ठरवलेल्या जागेपासून मिलिमीटरभर लांब असते. मग तुम्ही सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) पुढे-मागे करत बसता, चढे-उतरे सूर काही जुळत नाहीत.

परत मार्कर, सपाट पट्ट्यावर पूर्ण काळं. तिकोनी कानस फ्रेटच्या लांबीच्या दिशेने, एका बाजूला कलती धरून हलक्या हाताने ओढा, मग दुसऱ्या बाजूने. दोन्ही कडा उतरत येतील आणि काळा पट्टा बारीक होत जाईल. मधोमध एक बारीक काळी रेघ, साधारण अर्धा मिलिमीटर, उरली पाहिजे. ती रेघ म्हणजे तुमच्या लेव्हलिंगची कमाई, ती पुसली गेली तर त्या जागी फ्रेट खाली गेला आणि सगळं पहिल्यापासून. पहिल्या वेळी मला एका फ्रेटला पंधरा मिनिटं लागली होती, मान दुखून आली, डोक्यावरचा टेबल लॅम्प तिरका करून बघितलं की रेघेच्या दोन्ही बाजू सारख्या चकाकतात की नाही ते लगेच दिसतं.

टोकं विसरू नका. टोकाची तीक्ष्ण कोपरं तिकोनी कानशीनेच उतरवा, मग हात नेकवरून खाली-वर फिरवा, कुठे टोचतंय का. उन्हाळ्यात नागपूरकडच्या गिटारींना बाकी काही नसलं तरी एवढंच दुखणं असतं, लाकूड सुकून आखडतं आणि फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात.

मग पॉलिश. ४००, ६००, १०००, १५००, २०००, पेपर बोटाला गुंडाळून फ्रेटच्या लांबीत. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढच्या नंबरवर जायचं नाही, हीच एक शिस्त. शेवटी ब्रासो कापडावर घेऊन घासा, काळं येईल, पुसा, आरशासारखं होईल. चार शून्याचं स्टील वूलही चालतं पण पिकअप झाकलेले हवेतच, त्याचे केस आत गेले की निघत नाहीत.

फ्रेट बदलणं

हे काम वेगळ्या जातीचं आहे. पहिल्यांदा करत असाल तर स्वतःच्या आवडत्या गिटारवर करू नका, भंगारातली नेक आणा.

काढण्यासाठी सोल्डरिंग आयर्न फ्रेटवर ठेवून गरम करायचा, वर थोडं सोल्डर वितळवलं की उष्णता नीट पसरते. गरम झाल्यावर जुना गोंद सुटतो आणि लाकूड थोडं नरम पडतं. मग एंड कटर पकड, जिचं तोंड ग्राइंडरवर घासून सपाट केलंय, ती एका टोकाला फ्रेटच्या खाली सरकवायची. आता सगळ्यात महत्त्वाचं, वर ओढायचं *नाही*. पकड फक्त दाबत दाबत पुढे सरकवा, जबडे फ्रेटच्या खाली घुसले की तो स्वतःच वर येतो. फ्रेटच्या खालच्या पात्याला बारीक काटे असतात, ओढलंत की ते लाकडाचे तुकडे घेऊन बाहेर येतात. शिसवी आणि आबनूस दोन्ही टवके उडवतात, आबनूस जास्त. उडालेला टवका फेकू नका, टाचणीच्या टोकाने त्याच जागी ठेवून सुपरग्लू. पॉलिश केलेल्या मेपलवर आधी फ्रेटच्या दोन्ही कडांना धारदार ब्लेडने चीर द्या, नाहीतर पॉलिशचा पापुद्रा फ्रेटबरोबर उचलला जातो.

आता खाच. आतला जुना गोंद, मळ टोकदार सुईने साफ करा. खाचेची रुंदी फीलर गेजने मोजा आणि त्यानुसार फ्रेटची तार निवडा, बहुतेक फ्रेट वायरचं पातं ०.५ ते ०.६ मिमीच्या दरम्यान असतं. पातं खाचेपेक्षा खूप जाड असेल तर बावीस पाचरा ठोकल्यासारखं होऊन नेक मागे वाकते, रॉड पूर्ण सैल केला तरी सरळ येत नाही. फार पातळ असेल तर फ्रेट धरत नाही, मग गोंदावर भिस्त. नवी तार निवडताना आकडे असे, डनलॉपची ६२३० म्हणजे जुन्या पद्धतीची बारीक, साधारण २ मिमी रुंद आणि १.१ उंच, ६१०५ अरुंद पण उंच, २.३ बाय १.४, आणि ६१०० म्हणजे जंबो, २.८ बाय १.४. मला ६१०५ आवडते, उंचीमुळे पुढे दोन वेळा घासायला धातू उरतो. स्टेनलेसची तार बेसवाल्यांना आणि रोज चार तास वाजवणाऱ्यांना फायद्याची, जवळजवळ झिजत नाही, पण कापताना-घासताना आपली अवजारं झिजवते, पहिल्या वेळी नको.

बावीस फ्रेटना साधारण सव्वा मीटर तार जाते, दीड-पावणेदोन मीटर घ्या, दोन-तीन वाया जाणारच. तारेला बोर्डपेक्षा थोडा जास्त बाक द्या, १२ इंची बोर्ड असेल तर १० इंची बाक, म्हणजे टोकं आधी टेकतात आणि मधला भाग ठोकल्यावर टोकं आत दाबून धरली जातात. उलट केलंत तर टोकं उठतात आणि आयुष्यभर उठत राहतात. प्रत्येक बाजूला तीन मिमी जास्त ठेवून कापा. बोर्डच्या कडेला बाइंडिंग (चिकटवलेली किनार) असेल तर टोकाचं पातं तेवढं कापून टाकावं लागतं, म्हणजे फक्त डोकं बाइंडिंगवर येतं.

नेकच्या खाली बरोबर ठोकण्याच्या जागी आधार हवा, नाहीतर हातोडीचा जोर नेक झुलण्यात जातो. मी पाच किलो तांदळाची पिशवी घेतो, नेक तिच्यात बसते आणि हलत नाही. (आईला विचारून घ्या. मी नव्हतं विचारलं.) पितळी किंवा प्लास्टिक तोंडाची हातोडी, आधी एक टोक, मग दुसरं, मग मध्य. आवाज ऐका, फ्रेट बसत नाही तोवर टणटण वाजतो, पूर्ण बसला की आवाज बदलून भरीव ठप्प येतो. मग खाली उजेड दिसतोय का ते बघा. टोकाकडून खाचेत पातळ सुपरग्लूचा थेंब. जास्तीची टोकं पकडीने कापा, गॉगल घालून, कापलेले तुकडे गोळीसारखे उडतात. मोठ्या कानशीने टोकं आधी बोर्डच्या कडेला सरळ, मग साधारण ३५ अंश उतार.

आणि मग परत वरचं सगळं: लेव्हल, गोलाई, पॉलिश. नव्या फ्रेटचं लेव्हलिंग अगदी थोडं असतं, नीट ठोकले असतील तर पाच-सात फेऱ्यांत काळं जातं.

पार्शल रीफ्रेट असेल तर नवे फ्रेट जुन्यांपेक्षा उंच येतात. फक्त नव्यांवर काळं करा आणि पाइप जुन्या-नव्या दोघांवर टेकवून नव्यांना जुन्यांच्या उंचीला उतरवा.

आता माझी दुसरी फजिती. जुने १ मिमीच्याही खाली गेलेले फ्रेट काढून मी हौसेने जंबो बसवले, दोन रविवार गेले, तारा चढवल्या, आणि सगळ्या मोकळ्या तारा पहिल्या फ्रेटवर आपटत होत्या. नटचे खाचे जुन्या बुटक्या फ्रेटच्या हिशोबाने कापलेले होते, फ्रेट उंच झाले, नट तिथेच. तेव्हा नवीन उंच फ्रेट बसवणार असाल तर नवा हाडाचा नट आधीच आणून ठेवा, किंवा जुना नट उचलून खाली पातळ लाकडाची पट्टी द्या. तिसरा फ्रेट दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर तारेखाली केसभर फट दिसली पाहिजे, बस तेवढीच.

तारा परत चढवल्यावर

टेप काढा, बोर्डला लिंबाच्या तेलाचा हलका हात, पॉलिश केलेल्या मेपलला नाही. तारा लावा, ट्यून करा, रॉड परत घट्ट करून फट वर सांगितल्याइतकी आणा, आणि गिटार एक रात्र तशीच ठेवा. लाकूड सावकाश बसतं. दुसऱ्या दिवशी फट परत बघा, मग बाराव्या फ्रेटवर ॲक्शन, इलेक्ट्रिकला वरच्या बारीक तारेखाली १.६ मिमीच्या आसपास, बेसला २ ते २.४, आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे सॅडल सरकवून सूर जुळवणं. बेसच्या जाड ई तारेला हलायला जागा लागते, गिटारसारखी खाली आणायला जाऊ नका, जोरात वाजवणाऱ्याच्या हाती ती खरखरणारच.

आता प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, हळू, मग जोरात, मग बेंड करून. एखाद-दुसरी जागा राहतेच, तिथे पुन्हा एटीएम कार्ड, मार्कर, त्या एकाच फ्रेटवर दोन-तीन हात.

माझी स्ट्रॅट मी अशीच परत नीट केली, फक्त गोलाई द्यायची होती, दोन संध्याकाळी लागल्या. काकांना वर बोलावून ऐकवली. त्यांनी मान हलवली, "हं, आता बंद जवारी झाली," म्हणाले, आणि मग तीच कानस मागितली, घोडीला एका जागी तार अडकतेय म्हणे. दिली नाही. तिच्या धारा घासलेल्या आहेत हे त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला.